बाबा, गाडीची वेळ तुम्हीच कळवा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई "नीट ऐकू येत नाही गं" म्हणते आणि बाबा "ठीक आहे सगळं" एवढं बोलून फोन तिच्याच हातात देतात. म्हणून पत्र लिहायला बसले.

गणपतीत आले होते तेव्हा नैवेद्याला भाजी कुठली करायची असं विचारलं, तर बाबा म्हणाले, "मला काय विचारतेस, तुम्हीच ठरवा." दाढी चार दिवसांची वाढलेली. एसटीत कंडक्टर म्हणून चिपळूण-कराड गाडीवर असताना पहाटेच्या ड्यूटीलासुद्धा तुम्ही गुळगुळीत दाढी करून निघायचात. अलोरे, पोफळी, घाटमाथा, हेळवाक, पाटण. कुठल्या थांब्यावर कुठली म्हातारी पाट्या घेऊन चढणार हे तुम्हाला ठाऊक असायचं. आणि आता भाजी ठरवेना?

परतताना घाट चढेपर्यंत तुमच्यावर चिडले होते. मग वाटलं, हे आम्हीच करून ठेवलंय.

22 जुलै 2021 चा पूर आठवा. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. तशात आई अर्ध्या आळीसाठी पिठलं-भात रांधत होती आणि टँकरवाल्याशी खणखणीत आवाजात भांडत होती. बाबा वहीत घरटी माणसं टिपून घेऊन मदतीचं सामान वाटत होते, तिकिटं फाडावीत तसं, एकही चूक नाही. दोघंही दमून गेला होतात, पण "आमचं आता काय राहिलंय" हे वाक्य त्या पंधरा दिवसांत एकदाही ऐकलं नाही.

घाबरलो ते आम्ही. दादानं वाणसामान घरपोच करून टाकलं. विजेचं बिल, गॅस मी इथून पुण्यातून भरायला लागले. भांड्यांना बाई आली. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, आईनं उन्हात आमसुलं घालायची नाहीत. सगळं मायेपोटीच हो, पण एकेक काम काढून घेतलं आणि त्याबरोबर माणसंही गेली. वाण्याच्या दुकानातल्या गप्पा गेल्या, आमसुलांच्या निमित्तानं अंगणात बसणाऱ्या बायका गेल्या. आपण कुणाला तरी लागतो, हे रोज कुठून तरी कळावं लागतं. तुम्हाला ते कळायच्या जागाच आम्ही बंद केल्या. बाबांच्या हातातून मोबाईल ओढून घेऊन "द्या, मी करते" म्हणणारी मीच. चुकलं माझं.

तर पुढच्या महिन्यापासून विजेचं बिल बाबा भरतील. मोबाईलवरून भरायचं तर मी शेजारी बसून दाखवेन, हात लावणार नाही. चुकलं तर चुकलं. रोज सकाळी दाढी, आणि दाढी झाली की किराणा आणायच्या निमित्तानं बाजारापर्यंत फेरी. "उत्साह वाटला की जाईन" असं नको. मन उदास असलं की उत्साह आधी येत नाही, पाय निघाले की मागून येतो. मनाचे डॉक्टरही उदासीवर हाच उपाय करतात, आधी छोटं ठरलेलं काम, वाटणं नंतर.

आई, तुझ्याशी भांडायचंय. भजनाला जाणं तू गुडघ्यांमुळे नाही सोडलंस. कुणी काय म्हटलं ते कळत नाही आणि मध्येच भलतं उत्तर जातं, म्हणून सोडलंस. कान कमी झाले की माणूस आधी घोळक्यातून बाजूला होतो, मग घरातल्या बोलण्यातूनही. चष्मा लावताना लाजली नाहीस, मग कानाच्या मशीनची कसली लाज? दिवाळीच्या आधी तपासून घेऊ. त्याच फेरीत दोघांचं बी-12 आणि थायरॉईडही बघू, त्यांच्या कमी-जास्तीनंही मन मरगळतं. आणि "माझं मेलीचं काय" हे म्हणणं बंद. नात उचलायला लागलीय ते, परवा गणितात मार्क कमी पडले तर हुबेहूब तुझ्यासारखं म्हणाली!

रात्री झोप लागत नाही असं बाबा म्हणाले होते. दुपारी दोन तास झोपल्यावर कशी लागेल? अर्ध्या तासात उठायचं. तरीही मन खालीच राहिलं तर फोन करायला 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वेड लागलेल्यांसाठीच असतं ते, असं काही नाही, आई.

आता कामाचं. आमच्या सोसायटीतल्या तिघींना तुझी आमसुलं हवीत, अर्धा-अर्धा किलो. यंदाची शिल्लक असतील ती दे, पुढच्या मोसमात जास्त घाल. पैसे घ्यायचे, आणि भाव तू सांगायचा.

बाबा, दिवाळीनंतर तुम्ही दोघांनी इकडे यायचं आहे. दोघांनाही एसटीचं अर्धंच तिकीट. कराडमार्गे यायचं की महाडवरून, कुठली गाडी धरायची, कुठे उतरून चहा घ्यायचा ते तुम्ही ठरवून मला कळवा. मी इथून काही बघणार नाही. स्वारगेटला किती वाजता उभं राहू तेवढं सांगा.

तुमची,
ताई