यंदा रिटर्न नेहमीसारखं भरायचं नाही, बाळा

सोलापूर, जुलै २०२५

बाळा,

तुझा मेसेज वाचला, "आई, सीए काकांना सांग नेहमीसारखं रिटर्न भरून टाका." फोनवर तुला सारखी घाई असते, ट्राम गाठायची असते, म्हणून लिहूनच पाठवायलेय. सवडीनं वाच, पण वाच नक्की.

नेहमीसारखं नाही भरता येत यंदा. २०२४-२५ सालासाठी तू इन्कम टॅक्सच्या हिशेबात एनआरआय, म्हणजे अनिवासी भारतीय झालास. मी कॅलेंडर घेऊन बसले आणि तुझे दिवस मोजले. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलै-ऑगस्टचे ३१-३१, झाले १५३, आणि अनंत चतुर्दशी झाली अन् चार दिवसांत २१ सप्टेंबरला तू जर्मनीच्या विमानात बसलास ते २१, एकूण १७४. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या आपल्या नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांचा नियम, १८२ भरले की रहिवासी, कमी भरले की अनिवासी. म्हणजे तू आठ दिवसांनी अलीकडं राहिलास. जानेवारीत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला ये म्हणून मी किती मागं लागले होते आठवतंय ना, तुला रजा मिळाली नाही म्हणून मी रडले पण होते, पण तेव्हा तू आठ-दहा दिवस आला असतास तर या एका सालापुरता इथलाच रहिवासी धरला गेला असतास, आणि मग जर्मनीचा पगार, तिथलं बँक खातं, सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायला लागलं असतं, तिथं भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागत बसायला लागलं असतं. आता तसं नाही. तिकडचा पगार तिकडंच कमावलास, तिकडंच घेतलास, त्यावर इथं टॅक्स नाही. पुण्याच्या कंपनीचा सप्टेंबरपर्यंतचा पगार, इथलं व्याज आणि फ्लॅटचं भाडं, एवढंच इथं.

पुढच्या वर्षांचं भिऊ नको. सुट्टीवर येणाऱ्याला पण १८२ च आहे, इथलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असेल तर १२० ची अट लागते, तुझं तेवढं नाही. तेव्हा गड्ड्याला येऊन नंदीध्वजाची मिरवणूक, होम, शोभेचं दारूकाम सगळं बघून निवांत जा. फक्त येता-जाताचे पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवत जा, उद्या कुणी विचारलं तर दिवस कागदावरच दाखवावे लागतात.

तर रिटर्नचं. 'सहज' फॉर्म अनिवासीला चालत नाही, तुला आयटीआर २. त्यात कुठल्या देशाचा रहिवासी आणि तिथला टॅक्स नंबर काय ते विचारतात, तुला पत्ता नोंदवल्यावर पोस्टानं जो अकरा आकडी नंबर आला तो घाल. पोर्टलच्या प्रोफाईलमध्ये पण रेसिडेन्शियल स्टेटस बदल, पत्ता तिकडचा टाक, मोबाईल-ईमेल तू रोज बघतोस तेच ठेव. तुझं इथलं सिम मी रिचार्ज करत राहते, पण ओटीपी माझ्या फोनवर येणार आणि तू तिकडं मीटिंगमध्ये, असं किती दिवस चालणार. एक अजून, २०२४-२५ ला सात लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून जे सगळे सांगतात ती सूट अनिवासीला मिळत नाही, त्या हिशेबानं बसू नको. तारीख यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केलीय, आणि भरल्यावर तीस दिवसांत व्हेरिफाय कर, उशीर झाला तर व्हेरिफाय केलं त्या तारखेलाच रिटर्न भरलं असं धरतात.

आता बँक, आणि यावर मी जरा चिडूनच लिहायलेय. तुझं सेव्हिंग खातं अजून साधंच आहे. मी शाखेत गेले तर तिथले साहेब म्हणतात, "राहू द्या की मॅडम, खातं चालू आहे ना, कोण बघतंय." माझं उभं आयुष्य सहकारी बँकेच्या काउंटरवर गेलंय बाळा, हे ऐकून माझं डोकंच फिरलं. नोकरीसाठी बाहेर राहायला गेला की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमानं त्याच दिवसापासून तो अनिवासी, तिथं १८२ मोजत बसत नाहीत, आणि साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या उत्पन्नाचं खातं करून घ्यायला लागतं. आणि बघतंय कोण म्हणजे काय, भारत आणि जर्मनी दरवर्षी खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात. बँकेत रहिवासी, रिटर्नमध्ये अनिवासी, असं दोन तोंडी लिहून ठेवलं की नोटीस आल्यावर खरं बोलणारा माणूस पण खोटा दिसतो.

एनआरओ झालं की एफडीच्या व्याजावर ३०% आणि वर सेस, मिळून ३१.२% कापतात. घाबरू नको, दोन देशांचा करार आहे, त्यात व्याजाला १०% च्या वर लावता येत नाही. पण तो दर मागायला कागद लागतो, तू तिथला करदाता आहेस असं तुझ्या फिनान्सअम्टचं, म्हणजे तिथल्या टॅक्स ऑफिसचं सर्टिफिकेट, टीआरसी म्हणतात ते, आणि सोबत फॉर्म १०एफ ऑनलाइन. आणि हे व्याज तिकडच्या रिटर्नमध्ये पण दाखवायचं हां. एनआरई खात्याचं, म्हणजे तिकडची कमाई इथं आणून ठेवायच्या खात्याचं व्याज इथं करमुक्त आहे म्हणून तिकडंही माफ असं नाही, तिथं वर्षाला १,००० युरोपर्यंत व्याज-बिज सोडतात, त्याच्या वरच्या रकमेवर टॅक्स लागतो.

सगळ्यात मला काळजी जुळे सोलापूरच्या फ्लॅटची आहे. भाडेकरू मास्तर बिचारे पाच तारखेच्या आत यूपीआय करतात. पण घरमालक अनिवासी असला की भाडं कितीही कमी असो, भाडेकरूनं ३१.२% कापून सरकारात भरायला लागतं, त्यासाठी टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर काढायचा, दर तिमाहीला कपातीचा २७क्यू फॉर्म भरायचा. त्यांना हे कुणी सांगितलंच नाही, आणि सांगायचं काम तुझं आहे, कारण कापलं नाही तर व्याज-दंड मास्तरांच्या मागं लागतो, तुझ्या नाही. शाळेच्या पगारात दोन पोरं शिकवणारा माणूस, त्याला आपल्यापायी कशाला अडकवायचं. मी सीए काकांना बोललेय, टॅन काढायचा आणि तिमाहीचा खर्च आपण देऊ, आणि तू कमी कपातीच्या सर्टिफिकेटसाठी फॉर्म १३ ऑनलाइन भर, म्हणजे दर महिन्याला एवढी रक्कम अडकून पडणार नाही. पण मास्तरांना फोन तूच कर. मी निरोप देणार नाही.

तिकडचं तू बघतोसच. त्यांचं साल जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळं २०२४ चा पुण्याचा पगार पण तिथं सांगायला लागतो, त्यावर टॅक्स घेत नाहीत पण दर ठरवताना धरतात असं सीए काका म्हणाले. तुझी तिकडची तारीख ३१ जुलै आहे, ती काही वाढलेली नाही.

तू मला पाठवतोस त्या पैशांवर मला इथं टॅक्स नाही, पोरानं आईला दिलेलं आहे. तरी पाठवताना बँकेतूनच पाठव, कुणाच्या हाती नको.

बँकेचा फॉर्म ईमेल केलाय. सही करून, पासपोर्ट, व्हिसा आणि तिथल्या पत्त्याच्या पुराव्याच्या झेरॉक्सवर पण सही करून मूळ कागद पोस्टानं धाड, स्कॅन चालत नाही म्हणाले. टीआरसीचा अर्ज याच आठवड्यात दे. पुण्याच्या पगाराचा फॉर्म १६ माझ्याकडं आलाय, गुरुवारी सीए काकांकडं जाणार आहे, त्याच्या आधी पासपोर्टच्या सगळ्या शिक्क्यांचे फोटो पाठव, पुसट नको.

तुझी,
आई