स्पर्धा सोसायटीच्या गेटबाहेरच

महोदय,

मोबाइल कंपन्यांवरील आपला कालचा अग्रलेख वाचला. नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मुभा ग्राहकाला असताना दरांवर नियंत्रण हवेच कशाला, असा आपला सवाल आहे. घोडबंदर रोडवरील एखाद्या टॉवरमध्ये चार दिवस राहून तो लिहिला असता, तर त्यातला ठामपणा थोडा कमी झाला असता, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

ही मुभा २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. आमच्या संकुलात मात्र बिल्डरने इमारत उभी राहत असतानाच एका कंपनीशी करार करून तिचेच अँटेना डक्टमध्ये आणि बेसमेंटमध्ये बसवून घेतले. पुढे दुसऱ्या कंपनीने केबल आत आणण्याची परवानगी मागितली, तेव्हा कमिटीने त्याच करारावर बोट ठेवले. ३ आणि ४ जुलै २०२४ या दोन दिवसांत तिन्ही बड्या खासगी कंपन्यांचे वाढीव दर लागू झाले, तेव्हा आपण सांगता तो ग्राहकाचा हक्क मी बजावला आणि नंबर पोर्ट केला. नव्या कंपनीची सेवा तलावपाळीवर उत्तम आहे. घरी मात्र गॅसवाला सिलिंडर दारात टेकवून ओटीपी मागतो, तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढत मला गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहावे लागते आणि पत्नी दारातून ‘आलाच हं, आलाच’ म्हणत त्याला थोपवून धरते. परत फिरावे, तर ९० दिवस पोर्टिंग करता येत नाही.

इमारतीच्या आतली यंत्रणा सर्व कंपन्यांना खुली असावी, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१७ मध्येच केली होती. डिजिटल जोडणीनुसार इमारतींना मानांकन देण्याचे विनियमही २०२४ मध्ये आले. मानांकनाच्या तारका बिल्डरच्या जाहिरातीत शोभतील. आमच्या हॉलमध्ये त्यांनी रेंज येत नाही. स्पर्धा आहे म्हणून दर ठरवणे कंपन्यांवर सोपवायचे असेल, तर ती स्पर्धा गेटच्या आत येते की नाही, हेही नियामकानेच पाहायला हवे.

जाता जाता, २८ दिवसांच्या ‘महिन्या’मुळे वर्षाला १३ रिचार्ज करावे लागतात, त्याविषयी अग्रलेखात अवाक्षर नाही. किमान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवण्याचा ट्रायचा आदेश २०२२ चा आहे. आमच्या नाक्यावरचा रिचार्जवाला तो प्लॅन खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर एका मोबाइल कंपनीची अर्धपान जाहिरात होती, हा अर्थातच योगायोग असावा.

बिल्डरने केलेला तो करार किती वर्षांचा आहे, हे कमिटी आम्हा सभासदांना सांगत नाही. आपल्या ठाणे प्रतिनिधीने अशा दहा-बारा संकुलांत जाऊन हा एवढाच प्रश्न विचारावा, ही विनंती.

– एक वाचक, मानपाडा, ठाणे (प.)