काजूचं बी मोठं पाहिजे तर आधी ऑलिव्हवाल्यांकडं बघा: बागायत मंत्र्यांना खुलं पत्र

मा. फलोत्पादन मंत्री, कर्नाटक सरकार यांना,

साहेब, नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून लिहितोय. पत्र मराठीत आहे, तुमच्या ऑफिसात वाचून सांगणारं कोणीतरी भेटेलच.

आमच्याकडं जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात काजू लावणारे पुष्कळ. मागं एका नर्सरीतून मोठ्या बीची जात म्हणून रोपं आणली, वाढली झकास, पण धरल्यावर बघतो तर एका झाडाची बी दुसऱ्यासारखी नाही, आणि निम्म्याहून जास्त बारीकच. कलम म्हणून दिलेली ती रोपं बी लावून केलेली होती. मोठ्या झाडाचंच बी होतं, असं नर्सरीवाला आजही छातीठोकपणे सांगतो, आणि कदाचित खरंही असेल, पण त्यानं काय होतंय?

इथं मला ऑलिव्ह आठवतं. घाबरू नका, ऑलिव्ह लावायला अनुदान मागत नाही, त्याला फुलायला नीट थंडी लागते, राजस्थाननं इस्रायलची मदत घेऊन तो प्रयोग केलाय, तेवढा पुरे. पण फळाच्या साईजवर त्या झाडाचा जो अभ्यास झालाय तो बघण्यासारखा आहे. ग्रीसच्या कोरोनेइकी जातीचं फळ साधारण एक ग्रॅमचं आणि स्पेनच्या गोर्डाल जातीचं दहा ग्रॅमच्या वर, दोन्ही एकाच जातकुळीची, गुणसूत्रं दोन्हीकडं ४६. मग फरक कुठला? एका जीनचा खेळ नाही हा, थोडाथोडा हातभार लावणारे बरेच जीन आहेत, त्यामुळं मोठ्या-बारक्याचा क्रॉस केला की पोरं मधल्या साईजची निघतात आणि त्यातही बारक्याकडं झुकणारी जास्त, आईबापांपेक्षा मोठं फळ देणारं झाड शेकड्यात क्वचित. त्यात परागकण बहुतेक दुसऱ्या झाडाचे, म्हणजे मोठ्या फळाच्या झाडाचं बी लावलं तरी बाप कोण ते माहीत नाही. काजूचंही परपरागीकरण, तिथंही हेच.

अजून एक गंमत म्हणजे मोठं आणि बारकं ऑलिव्ह यांच्या गरातल्या पेशी मापानं जवळपास सारख्याच असतात, फरक असतो पेशींच्या संख्येत, आणि तो बराचसा फूल उमलायच्या आधीच, इवल्याशा बीजांडकोशात ठरलेला असतो. नंतर पाणी आणि खत देऊन फळ फुगतं, पण ते त्या जातीच्या मर्यादेत. झाडावर फळ कमी धरलं की उरलेली फळं मोठी होतात हेही आहेच, म्हणून एका वर्षी बी मोठी दिसली तेवढ्यावर एखादं झाड निवडायचं नसतं. दोन-चार हंगाम वजन करूनच ठरवायचं.

यात वेळ किती जातो ते तुमच्या अधिकाऱ्यांना विचारा. बियाणातलं ऑलिव्ह एरवी फळायला दहा-पंधरा वर्षं घेतं. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या संशोधकांनी ग्रीनहाऊसमध्ये रोपं न थांबता वाढवून तो काळ तीन-चार वर्षांवर आणला, आणि पिकुआल आणि आर्बेकिना या दोन जातींच्या क्रॉसमधून सिकितितासारखी जात काढली. एवढं काम पाच वर्षांच्या सरकारच्या हिशोबात बसत नाही हे कळतंय, तरीपण कुणीतरी सुरू करायला पाहिजे ना.

काजूचं काम झालेलंच नाही असं मी म्हणत नाही. घाटाखाली कोकणात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं क्रॉस करूनच वेंगुर्ला-४ काढली, बी साडेसात ग्रॅमच्या पुढं, वेंगुर्ला-७ तर दहा ग्रॅमची. आपल्याच राज्यात पुत्तूरला काजू संशोधन संचालनालय आहे. अडतंय ते पुढं, शेतकऱ्याच्या हातात येईपर्यंत. आणि गराचा नंबर म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो आकडा, मोठ्या बीचा गर १८० नंबरला गेला तर भाव वेगळा, ३२० ला गेला तर वेगळा, हे काय तुम्हाला सांगायला नको.

तर मागणी एवढीच की खानापुरात खात्याच्या जागेवर खात्रीच्या मातृवृक्षांचा, म्हणजे ज्यांच्या फांद्यांपासून कलमं करायची त्या झाडांचा, एक प्लॉट करा, आरभावीचं बागायत कॉलेज जिल्ह्यातलंच आहे, त्यांना त्यात घ्या, पण प्लॉट तिकडं नको, तिकडची हवा कोरडी आणि आमच्याकडं पाऊस धो-धो, तिथलं वजन इथं लागू व्हायचं नाही. गावातली जुनी मोठ्या बीची झाडंही त्यात कलम करून लावा, चार हंगाम तोलू दे. आणि नर्सरीतून जाणाऱ्या प्रत्येक कलमाला मातृवृक्षाच्या नंबरचा टॅग पाहिजे, कन्नड आणि मराठी दोन्हीत, बी लावून केलेलं रोप असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं. पुढच्या पावसाळ्याच्या लागवडीआधी निदान टॅगचं तेवढं करा.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक काजूवाला