उभ्या ट्रेलरचे हेलकावे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मुक्कामाला उभ्या केलेल्या तुझ्या राहायच्या ट्रेलरमध्ये रात्री एक जण कुशीवर वळला की दुसऱ्याची झोपमोड होते, आणि चारही जॅक अंगातलं बळ लावून आवळले तरी फरक पडत नाही, असं तू लिहिलंयस. माझी पहिली विनंती ही की जॅक आता आणखी आवळू नकोस. कोपऱ्यातले हे सिझर जॅक टेकू द्यायला असतात, ट्रेलर उचलायला नसतात. त्यांनी ट्रेलर उचलून धरला की चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, पीळ बसतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे दार चौकटीत अडकायला लागतं. तुझं दार अलीकडे खालून घासत असेल, तर आधी जॅक सैल करून ते सुटतं का ते बघ.

जॅक आवळूनही हेलकावे राहतात, कारण सिझर जॅक फक्त वरून खाली येणारा दाब चांगला घेतो. आडव्या धक्क्याला तो फारसा विरोध करत नाही. त्याचे सगळे सांधे पिनांवर फिरणारे असतात. ट्रेलर मात्र तीन तऱ्हांनी हलतो. आत कुणी चाललं की मागेपुढे सरकतो, वाऱ्याने किंवा कुशीवर वळल्याने डावी-उजवीकडे डोलतो, आणि मागच्या टोकाला कुणी उभं राहिलं की वरखाली होतो. मुक्कामाला पोचलो तरी आपण चाकांवरच असतो. हवेचा टायर, त्यावर स्प्रिंगचे पाटे, पाटे लटकवणारी शॅकल नावाची कडी आणि दोन एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसांच्या, मधला वजन वाटून देणारा इक्वलायझर ही सगळी मांडणी रस्त्याचे हिसके गिळण्यासाठी केलेली असते. गाडी थांबली म्हणून ती आपलं काम सोडत नाही. तेव्हा सुरुवात चाकांपासून कर, जॅक सगळ्यात शेवटी.

कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी अर्धा तास तपासणीला दे. घरातल्या एकाला आत नेहमीच्या चालीने फिरायला सांग आणि तू बाहेरून सांध्यांवर बोट टेकवून बघ: टायर आणि त्याला अडवणारी पाचर यांच्यात, जॅकच्या वरच्या पिनेपाशी, जॅक चासीला जिथे बोल्टने बसवलाय तिथे, आणि दांडीच्या जॅकच्या, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीवरच्या जॅकच्या, नळीपाशी. बोटाला जी हालचाल कळते ती डोळ्याला दिसत नाही. ट्रेलरखाली मात्र शिरू नकोस, हात पोचेल तेवढंच बघ. पुष्कळदा चोर इथेच सापडतो. जॅक चासीच्या पातळ कडेला नुसत्या आपोआप आटे पाडणाऱ्या स्क्रूंनी बसवलेले असतात, ते ढिले होतात आणि भोकं मोठी होतात. असं असेल तर १० मिमीचे आरपार बोल्ट, मोठे वायसर आणि नायलॉन लॉकनट लाव. हे सोडून वर कितीही टेकू लावलेस तरी सगळा खेळ त्या भोकातून चालूच राहील.

आता क्रम सांगतो. क्रम चुकला की चांगलं सामानही वाया जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू समतल कर. दाराजवळ ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर पाणसळ आडवी ठेव. दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर २ मीटर धरलं तर १ अंशाच्या कलासाठी खालच्या बाजूची चाकं साधारण साडेतीन सेंटिमीटर उचलावी लागतात. त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली सारख्याच जाडीच्या फळ्या घाल आणि ट्रेलर त्यांवर चढव. टायरची पूर्ण रुंदी फळीवर बसली पाहिजे; अर्धा टायर हवेत राहिला तर त्याच्या आतल्या तारांवर विपरीत ताण येतो. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून पाचरी ठोक. ठोक म्हणतोय ते खरंच. नुसती सरकवून ठेवलेली पाचर आणि टायर यांच्यात बोटभर फट राहते, आणि तेवढीच फट तुला रात्रभर झुलवते. पाचरी बसल्या की मगच गाडी सोड. ज्या ट्रेलरला हातब्रेक नाही, फक्त विजेवरचे ब्रेक आहेत, त्यावर काही जण ब्रेकअवे स्विचची पिन ओढून चाकं जाम करतात. हे कधीच करू नकोस. तो स्विच ट्रेलर रस्त्यात सुटला तर क्षणात थांबावा यासाठी आहे. तासन्‌तास चालू राहिला तर बॅटरी उतरते आणि ब्रेकचे चुंबक तापून खराब होतात.

मागेपुढे सरकण्यावरचा खरा इलाज दोन चाकांच्या मधल्या चिमट्यात आहे. तुझा ट्रेलर दोन एक्सलचा आहे, म्हणून तुला हा लागू पडतो. त्याला एक्स-चॉक म्हणतात: दोन टायरांच्या मधल्या फटीत घालायचा आणि पान्याने फाकवायचा. तो दोन्ही टायरांना एकमेकांपासून दूर दाबतो, त्यामुळे कुठलंच चाक फिरू शकत नाही. फट चाकांच्या मध्याच्या उंचीवर सगळ्यात अरुंद असते, तिथेच तो बसव. एकाच बाजूला लावून भागत नाही, दोन्ही बाजूंना हवा. हाताच्या पान्याने घट्ट लागला की अजून पाव फेरा, बस्स. लांब पाइप घालून ताणलास तर तो सगळा जोर एक्सल, शॅकल आणि सांध्यांतले बुश यांच्यावर जातो. टायर उन्हात फुगतो आणि रात्री गार झाला की आकसतो, म्हणून संध्याकाळी पुन्हा एकदा पान्याने चाचपून बघ. आणि एक्स-चॉक लावला म्हणून पाचरी काढू नकोस; टायरमधली हवा कमी झाली तर चिमटा सैल पडतो, पाचर तिथेच राहते. एकाच एक्सलचा ट्रेलर असता तर मधली फटच नसती, आणि सगळी भिस्त दोन्हीकडून ठोकलेल्या पाचरींवर ठेवावी लागली असती.

टायरमधली हवा या कामासाठी कमी करायची नाही. हवा कमी म्हणजे टायरची बाजू मऊ, म्हणजे हेलकावे जास्त. थंड टायरला ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेला दाब ठेव.

आता जॅकची पाळी, आणि इथे एक युक्ती आहे, जी मला सगळ्या उपायांत मोलाची वाटते कारण तिला एक पैसा लागत नाही. एक्सल हा तराजूचा मध्य समज. दांडीचा जॅक खाली घेतलास की पुढचं टोक उतरतं आणि मागचं उचलतं. म्हणून पुढचं टोक समतल रेषेपेक्षा २ ते ३ सेंटिमीटर खाली ने. या अवस्थेत मागचे दोन्ही जॅक जमिनीला नीट टेकव. आता दांडीचा जॅक वर घेऊन ट्रेलर समतल कर. मागचं टोक खाली येतं आणि स्वतःच्या वजनाने मागच्या जॅकवर बसतं. दांडीच्या जॅकपासून एक्सलचा मध्य ५ मीटरवर आणि मागचे जॅक तिथून अडीच मीटरवर असतील, तर पुढे अडीच सेंटिमीटर उचलल्यावर मागे सव्वा सेंटिमीटर दाब बसतो. एवढा पुरे. याहून जास्त केलंस तर तीच पिळवटलेली चासी आणि तेच अडकणारं दार. शेवटी पुढच्या कोपऱ्यांतले जॅक टेकव: जमिनीला लागल्यावर एक-दीड फेरा, आणि चासी वर सरकायला लागलेली दिसली की थांब. ड्रिलने जॅक फिरवत असशील तर १९ मिमीचा सॉकेट बसतो, पण ड्रिलने जमिनीजवळपर्यंतच ने आणि शेवटचे फेरे हाताने दे. ड्रिलच्या जोरात किती दाब बसला ते हाताला कळत नाही, आणि चारही कोपऱ्यांवर सारखा दाब हवा, हेच तर आपल्याला साधायचंय.

चाकं जमिनीवरून उचलली जाऊ देऊ नकोस, एक बोटभरसुद्धा. चाकं अधांतरी झाली की अख्खा ट्रेलर चार बारीक पायांवर येतो आणि एका धक्क्यात घसरू शकतो.

जॅकखालच्या ठोकळ्यांबद्दल. सिझर जॅक जितका जास्त उघडलेला, तितका तो लुळा. म्हणून जॅक लांब उघडण्यापेक्षा खालची जमीन वर आण. ४ सेंटिमीटर जाडीच्या फळीचे ३० सेंटिमीटर चौकोनी तुकडे कापून घे, आणि एकावर एक ठेवताना लाकडाच्या रेषा आडव्या-उभ्या आलटून पालटून ठेव, म्हणजे तुकडे फाटत नाहीत. दांडीच्या जॅकलाही हेच लागू. ती एकुलती एक नळी, ४०-५० सेंटिमीटर बाहेर आली की वेतासारखी लवते. तिच्याखाली २० सेंटिमीटरचा भक्कम ठोकळा ठेवलास तर मागेपुढे सरकणं तिथेच बरंच कमी होतं. पण ठोकळ्याची रचना वर निमुळती आणि खाली रुंद हवी. मऊ जमिनीवर प्रत्येक पायाखाली २ सेंटिमीटर जाडीचा, थोडा मोठा प्लायवूडचा तुकडा आधी घाल. माती पहिल्या रात्री दबतेच, पाऊस झाला तर आणखी. सकाळी चारही जॅक हाताने हलवून बघ. एखादा सैल लागला तर तेवढाच अर्धा फेरा.

इतकं केल्यावर मागेपुढे आणि वरखाली होणं आटोक्यात येईल. डावी-उजवीकडचं डोलणं राहील, त्याला तिरके बार लागतात. चार पट्ट्या पिनांनी जोडून चौकोन केला तर तो ढकलल्यावर तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण तसा तिरपा होत नाही. जॅक आणि चासी मिळून तो ढकलला जाणारा चौकोन आहे, त्यात तू तिरकी पट्टी घालून त्रिकोण करायचा आहे. मागच्या डाव्या जॅकच्या पायापासून उजव्या बाजूच्या चासीपर्यंत एक बार, आणि त्याच पायापासून पुढे चासीच्या दिशेने दुसरा. बार जितका आडवा तितका चांगला. जमिनीशी ३० अंशांचा असेल तर १०० किलोच्या आडव्या धक्क्यासाठी बारमध्ये सुमारे ११५ किलोचा ताण येतो, ६० अंशांचा असेल तर तो २०० किलो होतो. हे बार तयार मिळतात, एका नळीत दुसरी नळी सरकणारे. स्वतः बनवणार असशील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: लांबी पक्की करायला भोकात पिन घालू नकोस. १२ मिमीची पिन १३ मिमीच्या भोकात खेळते, आणि तो मिलिमीटरभर खेळ दोन्ही टोकांना धरून पुन्हा डोलण्यात उतरतो. आवळायचा क्लॅम्प हवा, आणि टोकांचे बोल्ट भोकात घट्ट बसणारे. जॅक टेकवून झाले की मगच क्लॅम्प आवळ, आणि जॅक उचलण्याआधी ते सोडायला विसरू नकोस, नाहीतर नळी वाकेल. आधी जॅकवर वजन बसवायला का सांगितलं तेही इथे कळेल: पायावर दाब नसेल तर बार आडवा जोर जमिनीला देऊच शकत नाही, पाय नुसता सरकतो.

लहानसहान गोष्टींत दाराची घडीची पायरी मोठी खोडकर. ती चासीलाच लटकते, त्यामुळे चढणाऱ्याचं सगळं वजन ट्रेलरच्या एका कडेवर येतं. तिच्याखाली आटे फिरवून लांबी बदलणारा टेकू लाव, किंवा जमिनीवर स्वतंत्र उभी राहणारी पायरी वापर. जॅकच्या आट्यांना ग्रीस फासू नकोस, धूळ चिकटून ते कडक होतं. कोरडा राहणारा स्प्रे मार.

वाऱ्याचं वेगळं. साडेसात मीटर लांब आणि २.४ मीटर उंच भिंत म्हणजे १८ चौरस मीटर. ताशी ५४ किलोमीटरचा वारा तिच्यावर आडवा आला तर अदमासे २५० किलोचा जोर लावतो, आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून जागा निवडायची मुभा असेल तेव्हा ट्रेलरचं तोंड वाऱ्याकडे कर, आणि वारा सुटला की बाजूला ताणलेलं कापडी छत गुंडाळून ठेव.

निघताना उलटा क्रम: आधी तिरक्या बारांचे क्लॅम्प सोड, मग चारही जॅक पूर्ण वर, मग एक्स-चॉक बाहेर, मग ट्रेलर गाडीला जोडून कुलूप लाव, आणि पाचरी सगळ्यात शेवटी. एखादा जॅक खाली राहून गाडी हलली तर तो वाकतो आणि सोबत चासीची कडही वाकवतो, म्हणून निघण्याआधी एक पूर्ण फेरी मारत जा.

पुढच्या पत्रात मला तीन मापं कळव: दोन टायरांमधली सगळ्यात अरुंद फट, मागच्या जॅकच्या पायापासून समोरच्या बाजूच्या चासीपर्यंतचं अंतर, आणि चासीच्या कडेची जाडी. त्यावरून बारांची लांबी आणि बोल्ट नेमके सांगता येतील. तोवर बार सोडून बाकी सगळं करून बघ, आणि काय राहिलं ते लिही.

तुझाच,
मित्र