माशाचा माग लागतो, खलाशाचा का नाही?

संपादक महोदय,

2024 मध्ये आपल्या दक्षिण गोव्यातल्या कुटबण मासेमारी जेटीवर कॉलरा पसरला, काही खलाशी दगावले, आठवत असेल. ओडिशा-झारखंडकडची ही पोरं ट्रॉलरवरच राहतात, तिथंच जेवण तिथंच झोप, आणि संडास-पाण्याची बोंब. थोडे दिवस धावपळ झाली, बोटमालकांना शिव्या पडल्या, ठीकच आहे, पण बोटीवरची मासळी एजंट, बर्फ, प्रोसेसिंग, एक्सपोर्ट करत पुढे ज्या मोठ्या कंपन्यांकडे जाते त्यांचं नाव कोणी काढत नाही.

विचारलं तर उत्तर ठरलेलं, साखळी लांब आहे हो, आम्हाला कसं कळणार. साफ खोटं! युरोपात जाणाऱ्या समुद्री मासळीला 2010 पासून कॅच सर्टिफिकेट लागतं, कुठल्या बोटीनं कुठे पकडली ते त्यात लिहावं लागतं. म्हणजे माशाचा माग बोटीपर्यंत बरोबर लागतो, त्याच बोटीवरच्या माणसाला प्यायचं पाणी मिळतं का एवढंच तेवढं कळत नाही.

कंपन्यांना हे बघायला लावणं कायद्यानं होतं. ढाक्याजवळ 2013 मध्ये राणा प्लाझा कोसळून 1,100 वर कामगार मेले, त्यानंतर 2017 मध्ये फ्रान्सनं कायदा केला की मोठ्या कंपनीनं सप्लायरकडे काय चाललंय ते बघायचंच, नाही बघितलं तर कोर्टात खेचता येतं. जर्मनीचा 2023 पासून लागू आहे. (युरोपियन युनियननं 2024 मध्ये केला आणि कंपन्यांनी ओरड केल्यावर 2025 मध्ये लगेच पुढे ढकलला, तेही बघा.) आपल्याला खाणींमुळे चांगलीच माहीत असलेल्या वेदांतावर झांबियातल्या गावकऱ्यांनी तांब्याच्या खाणीनं पाणी नासवलं म्हणून थेट लंडनला केस घातली, कंपनी म्हणे झांबियात चालवा, 2019 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं लंडनमध्येच चालेल, आणि 2021 मध्ये दोष कबूल न करता का होईना तडजोड झाली.

आपल्याकडे काय, तर शेअरबाजारावर लक्ष ठेवणारी सेबी कंपन्यांकडून मागते तो कामगार-पर्यावरणाचा रिपोर्ट, तोही मोठ्या लिस्टेड कंपन्यांपुरता. पण कंत्राटदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं भरायचा ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती, तीच माल उचलणाऱ्या कंपनीपर्यंत का नेता येत नाही? आमच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात निदान एवढं विचारावं, कुटबणची मासळी कोणकोणत्या एक्सपोर्ट कंपन्या घेतात त्याची यादी सभागृहात ठेवा.

— एक वाचक, मडगाव