मनू, शनिवारी निघायच्या आधी वाच

मनू,

काल "आई मी टूरिस्ट नाहीये, मुंबईचीच आहे" म्हणालीस आणि फोन ठेवलास, म्हणून लिहितीये. गेटवे, मरिन ड्राइव्ह सोडून ऑफिसच्या मैत्रिणींना म्हातारपाखाडी, बाणगंगा, कुंभारवाडा, वेसावे दाखवणारेस, ती यादी बघून खरंच भरून आलं गं. बाबांनी तर सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. पण भांडुपची पोरगी माझगावच्या गल्लीत पाहुणीच ना? एवढंच म्हणत होते मी.

माझगावच्या म्हातारपाखाडीला डॉकयार्ड रोडला उतरून चालतच जा. लाकडी जिने, व्हरांडे, बघत राहावं असं आहे सगळं, पण तिथे माणसं राहतात, व्हरांड्यात कोणी आजी पेपर वाचत बसली असेल तर तिला विचारल्याशिवाय फोन वर करायचा नाही. बाणगंगेचं तळं शिलाहारांच्या काळातलं, 1127 सालचं सांगतात, ते सांग मैत्रिणींना, पण पायऱ्यांवर कोणाचं श्राद्ध चालू असतं, डोकं भादरलेला मुलगा दिसला की फोन पर्समध्ये. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्ट्यांचा धूर असतो, त्यांच्यासमोर नाकाला रुमाल लावून उभ्या राहू नका, ते रोज त्यातच राहतात. पणत्या घ्या, घासाघीस न करता. आणि वेसाव्याला बोंबील वाळत असतील तिथे आधी "मावशी, काढू का फोटो?" आणि ती नाही म्हणाली तर नाही. शिवडीचे फ्लेमिंगो तेवढे बिनधास्त काढा, त्यांना विचारायला नको, फक्त ओहोटीची वेळ बघून जा.

लेक्चर झालं ना परत, सॉरी. तू काही उद्धट नाहीस, मला माहितीये.

पण तुला लालबागच्या नळाचं कधी सांगितलंच नाही. 1982 चा गिरण्यांचा संप लांबला तेव्हा आमच्या चाळीत फोटोवाले यायचे. एकदा माझी आई कळशी भरत होती, विटलेली साडी, तिने पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली, तर तो माणूस फिरून दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथून काढला. रागावला नाही, हसला नाही, काही बोलला नाही, काम करून निघून गेला. आबा गिरणीतले म्हणजे कडक, पण त्या रात्री त्यांनीच भात लावला आणि आई जेवलीच नाही. नंतर कितीतरी दिवस ती पहाटे सगळ्यांच्या आधी पाणी भरायची. तो माणूस वाईट नसेल गं, संपाची बातमी बाहेर जायला हवीच होती. पण आईला कोणी विचारलंच नाही.

म्हणून सारखं फोटो फोटो करते. तुझे फोटो छान असतात, मावशीने त्या भाऊच्या धक्क्याच्या फोटोचा वॉलपेपर केलाय, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते, चांगला फोटो दिसला की तू थांबत नाहीस. थांब जरा.

एकटीने कुठे पुढे जाऊ नकोस, चौघी बरोबर राहा. रात्री जेवायला सगळ्या इकडेच या, कोलंबी करते, त्यातली कोण शाकाहारी आहे ते शुक्रवारपर्यंत कळव. आणि फोन कर, मी चिडलेली नाहीये.

आई