खुनी सापडल्यावर बघायचा सिनेमा

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला. खुनी कोण ते आता सगळ्या जगाला माहीत आहे, मग ‘मेमरीज ऑफ मर्डर’ बघण्यात सव्वादोन तास कशाला घालवायचे, असं म्हणतोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय.

दक्षिण कोरियाचा दिग्दर्शक बोंग जून-हो, त्याचा हा सिनेमा आला 2003 साली. राजधानी सोलच्या दक्षिणेला ह्वासाँग भागात 1986 ते 1991 दरम्यान दहा बायका-मुलींचे खून झाले, त्यावर तो बेतलेला आहे. तेव्हा खुनी मोकळाच होता, निदान सगळ्यांचा समज तसा होता. प्रत्यक्षात ली चुन-जे हा माणूस 1994 मध्ये मेहुणीचा खून करून जन्मठेपेवर आत बसला होता. 2019 मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांवरचा डीएनए त्याच्याशी जुळला. पण खटला कसला भरणार? कायद्याने घातलेली पंधरा वर्षांची मुदत 2006 मध्येच उलटून गेली होती.

पण रहस्य हा या सिनेमाचा जीवच नाही रे. सुरुवातीचा तो बांधावरचा प्रसंग नीट बघ. शेतात प्रेत पडलंय, गावची पोरं मध्ये हुंदडताहेत, बघ्यांची जत्रा भरलीय, आणि साहेबलोक एकामागून एक बांधावरून घसरून चिखलात आपटताहेत. साँग कांग-हो हा नट, म्हणजे सिनेमातला आपला गावठी डिटेक्टिव्ह, मातीतल्या पावलाच्या ठशाभोवती गोल आखतो आणि कुणी तुडवू नका म्हणून बोंबलत राहतो. तेवढ्यात ट्रॅक्टर येतो आणि ठशावरून जातो. हे सगळं एका सलग शॉटमध्ये, कुठेही कट नाही. मी खो खो हसलो होतो. भातखाचरं आणि धो धो पाऊस बघून तर कोकणातलंच एखादं ठाणं वाटतं.

आणि मग कोठडी. तिथला एक हवालदार लाथा घालण्याआधी बुटावर कापडी खोळ चढवतो, वळ उठू नयेत म्हणून. मारून झालं की संशयितासोबत बसून सगळे नूडल्स ओरपत टीव्हीवर पोलिसांचीच मालिका बघतात! कबुलीजबाब कसा द्यायचा हे संशयित म्हणून धरलेल्या एका मतिमंद पोराकडून अक्षरशः पाठ करून घेतात. इथेही आधी हसूच येतं.

आता खरी हकिगत ऐक. दहापैकी आठवा खून पोलिसांनी ‘सोडवला’ होता. बावीस वर्षांच्या एका तरुणाला उचललं, झोपू न देता कबुली काढली, केसाच्या तपासणीचा अहवाल पुरावा म्हणून लावला. तो जवळजवळ वीस वर्षं आत होता. 2019 मध्ये ली चुन-जेनं तोही खून आपणच केल्याचं सांगितलं आणि डिसेंबर 2020 मध्ये कोर्टाने त्या माणसाला निर्दोष सोडलं. सिनेमात हे प्रकरण नाही, पण ती बुटावरची खोळ आहे. त्यामुळे खुनी सापडल्यावर सिनेमा शिळा झाला हे मला पटत नाही. उलट आता तो पोलिसांविरुद्धची साक्ष वाटतो. ली चुन-जेची तर तेव्हा चौकशीसुद्धा झाली होती. पण पोलीस खुन्याचा रक्तगट बी धरून चालले होते आणि याचा ओ. सुटला!

एक तक्रार आहे. मेलेल्या बायकांना सिनेमा फारसा जगूच देत नाही. त्या येतात, पावसातून चालतात, मरतात. शाळकरी मुलीच्या बाबतीत तेवढा थांबतो, आणि तिथे पोटात कालवतं.

शेवट तुला माहीतच आहे. पोलिसातली नोकरी सोडून विक्रेता झालेला तो डिटेक्टिव्ह पहिलं प्रेत सापडलं होतं त्याच चरापाशी पुन्हा येतो आणि थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी सिनेमा बघायला येईल असा बोंगचा अंदाज होता, त्याच्यासाठी ती नजर. ली चुन-जेनं तो पाहिलाही. कोर्टात म्हणाला, सिनेमा म्हणून पाहिला, काही वाटलं नाही. मला विचारशील तर ती नजर त्याच्यावर फुकट गेली. हसलेल्या आपल्यासारख्यांवर मात्र नाही.

तेव्हा मुकाट्याने बघ. मूळ कोरियनच लाव, डब केलेला नको, साँगच्या आवाजातली निम्मी मजा जाते. काकूंना नमस्कार सांग, पण त्यांना शेजारी बसवून बघू नकोस, शिव्या फार आहेत. आणि उत्तर सविस्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
सुऱ्या